पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत: सीईटीचं स्कोअरकार्ड कसं वाचायचं

सीईटीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवसापासून आमच्या तालुक्याच्या कॉलेजात पालकांची रीघ लागते. एका वर्षी एक वडील मुलीला घेऊन आले होते. हातात स्कोअरकार्डाची प्रिंट आणि तिच्या पाठीमागे पेनाने केलेली बेरीज: गणित ९१, भौतिकशास्त्र ७८, रसायनशास्त्र ८५. एकूण २५४, भागिले तीन, ८४.६७. कार्डावर मात्र टोटल ८८ च्या पुढे छापलेलं.

"सर, हिशोबात काहीतरी घोळ आहे. तीन टक्के जास्तच दिलेत. उद्या काढून घेतले म्हणजे?"

मुलगी मान खाली घालून बसली होती. तिला वाटत होतं, वडील उगाच वाद घालतायत. पण वडिलांचं गणित बरोबर होतं. फक्त ज्या आकड्यांची त्यांनी सरासरी काढली, त्यांची सरासरी काढायचीच नसते. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला तो याहून महागात पडणारा होता: "अठ्ठ्याऐंशी टक्के म्हणजे पुण्याचं सरकारी कॉलेज कुठं जात नाही ना?"

त्या दिवशी त्यांच्यासाठी कागदावर जे मांडलं, तेच इथे सविस्तर मांडतो. उदाहरण मुख्यतः एमएचटी-सीईटीचं, म्हणजे इंजिनीअरिंगसारख्या प्रवेशांसाठीच्या राज्याच्या परीक्षेचं घेतो, कारण महाराष्ट्रात सगळ्यात जास्त घरांत पर्सेंटाइल शिरतं ते याच परीक्षेतून. जेईई (देशपातळीवरची इंजिनीअरिंगची), नीट (मेडिकलची), कॅट (एमबीएची) यांचा फरक पुढे ओघात येईल. वही-पेन घेऊन बसलात तर जास्त बरं.

आधी तीन आकडे वेगळे करा

आपण दहावी-बारावीच्या टक्क्यांवर वाढलेली माणसं. ऐंशीच्या पुढे गेलं की पेढे, नव्वदच्या पुढे गेलं की गल्लीत फलक. ही सवय इतकी अंगात भिनलेली असते की शंभरातला कुठलाही आकडा दिसला की आपण त्याला टक्के समजतो. सीईटीत मात्र तीन आकडे आहेत आणि तिघांची कामं वेगळी आहेत.

पहिला आकडा कच्च्या गुणांचा. पीसीएम गटाचा पेपर २०० गुणांचा. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न, दर प्रश्नाला एक गुण. गणिताचे ५० प्रश्न, दर प्रश्नाला दोन गुण. चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. त्यामुळे एक गंमत होते: चार पर्यायांपैकी डोळे मिटून एकेक निवडत गेलं, तरी सरासरी ५० गुणांच्या आसपास पडतात. म्हणून "दोनशेपैकी पन्नास तरी आहेत" यात समाधान मानण्यासारखं काही नाही.

दुसरा आकडा टक्क्यांचा. दोनशेपैकी ११८ म्हणजे ५९ टक्के, इतकं सरळ. सीईटीच्या प्रवेशात या टक्क्यांना कुणी विचारत नाही. टक्के लागतात ते बारावीचे, आणि तेही पात्रतेपुरते. इंजिनीअरिंगसाठी बारावीला ठरलेल्या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला ४५ आणि राखीव वर्गांना ४० टक्के हवेत. ही अट टक्क्यांचीच आहे. सीईटीला ९५ पर्सेंटाइल आणि बारावीला या तीन विषयांत ४३ टक्के, असा खुल्या वर्गातला मुलगा अडकतो. बारावी "होऊन जाईल" म्हणत वाऱ्यावर सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तिसरा आकडा पर्सेंटाइल. आपण किती प्रश्न बरोबर सोडवले, हे तो सांगत नाही. आपल्यासोबत परीक्षेला बसलेल्यांपैकी शेकडा किती जण आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुणांवर आहेत, एवढंच तो सांगतो. म्हणजे हा रांगेतला नंबर आहे, फक्त मागून मोजलेला आणि शंभरात बसवलेला. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला शतमक म्हणतात, पण घरात कुणी तसं बोलत नाही, म्हणून मीही पर्सेंटाइलच म्हणतो.

दहा मुलांवर हाताने करून पाहा

समजा एका शिफ्टला दहाच मुलं होती. त्यांचे गुण चढत्या क्रमाने लिहा:

६२, ७१, ७५, ७५, ८०, ८४, ९०, १०१, ११८, १४०

सीईटीची रीत अशी: आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण असलेल्यांची संख्या, भागिले त्या शिफ्टला बसलेल्यांची एकूण संख्या, गुणिले १००. मोजताना स्वतःलाही धरायचं.

११८ वाल्यापर्यंत नऊ जण येतात, म्हणून त्याचं पर्सेंटाइल ९०. त्याचे टक्के मात्र ५९. १४० वाला सगळ्यात पुढे, त्याला १०० पर्सेंटाइल, आणि त्याचे साठ गुण गेलेत. ७५ गुणांवर दोघं आहेत. चौघं ७५ किंवा त्याखाली, म्हणून दोघांनाही ४०. सगळ्यात मागच्या ६२ वाल्याला शून्य मिळत नाही, तो स्वतःला मोजतो म्हणून त्याला १०.

एवढं हाताने केलं की निम्मा गोंधळ संपतो. "पैकीच्या पैकी मिळाले वाटतं" असं शंभर पर्सेंटाइलवाल्याबद्दल शेजारी म्हणतात, ते खरं असेलच असं नाही. त्याच्या शिफ्टला त्याच्या पुढे कुणी नव्हतं, इतकंच त्या आकड्यावरून कळतं. शिफ्टा अनेक असतात, म्हणून १०० पर्सेंटाइलवालेही अनेक निघतात. जेईई मेनमध्ये २०२४ ला असे ५६ जण होते आणि २०२५ ला २४.

स्कोअरकार्डावर पर्सेंटाइलला सात दशांश स्थळं कशाला, असंही विचारतात. शिफ्टला २०,००० मुलं असतील तर एक मुलगा म्हणजे ०.००५ पर्सेंटाइल. दोनच दशांश ठेवले तर वेगवेगळ्या गुणांची मुलं एकाच आकड्यावर येऊन बसतील आणि रांग लावताच येणार नाही.

शिफ्ट सोपी गेली, शिफ्ट अवघड गेली

लाखो मुलांची संगणकावरची परीक्षा एका दिवसात उरकत नाही. अनेक दिवस, सकाळ-दुपार अशा शिफ्टा लागतात आणि प्रत्येक शिफ्टला पेपर वेगळा. पेपर काढणाऱ्यांनी कितीही जपलं तरी दोन पेपर तंतोतंत सारखे अवघड होत नाहीत. म्हणूनच सीईटी संगणकावर गेली त्या २०१९ पासून गुणांऐवजी पर्सेंटाइल आलं.

समजा सकाळच्या शिफ्टला १०,००० मुलं होती आणि पेपर सोपा होता. तिथे १३० किंवा त्याहून कमी गुण ९,४०० जणांना पडले. म्हणजे १३० गुणांचं पर्सेंटाइल ९४. दुपारच्या शिफ्टलाही १०,००० होती, पण गणिताने सगळ्यांना रडवलं. तिथे ११२ किंवा कमी गुण ९,५०० जणांना. म्हणजे ११२ चं पर्सेंटाइल ९५. मेरिट लिस्टमध्ये ११२ वाली मुलगी १३० वाल्या मुलाच्या पुढे लागते.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा अन्याय वाटतो. मला तसं वाटत नाही, पण ही रीत एका गृहीतकावर उभी आहे हे माहीत असावं: दोन्ही शिफ्टांत हुशार, मध्यम आणि कच्ची मुलं साधारण सारख्याच प्रमाणात विखुरलेली आहेत. शिफ्टला हजारो मुलं असतात आणि कुठल्या शिफ्टला बसायचं हे मुलाच्या हातात नसतं, तेव्हा हे गृहीतक बऱ्यापैकी टिकतं. शिफ्ट जितकी लहान, तितकं ते कच्चं.

यातून दोन कामाच्या गोष्टी निघतात. एक, पेपर अवघड गेला म्हणून केंद्राबाहेर रडत बसू नका. तुम्हाला अवघड गेला तसा शेजारच्यालाही गेला असेल. दोन, मैत्रिणीशी कच्चे गुण ताडून पाहू नका, तिची शिफ्ट वेगळी असेल तर त्या तुलनेला अर्थच नाही.

उत्तरतालिका आली की आणखी एक प्रश्न येतो. चुकीच्या प्रश्नाचे गुण त्या शिफ्टला सरसकट सगळ्यांना दिले, तर आपलं पर्सेंटाइल वाढेल का? ज्याचं उत्तर आधी चूक धरलं होतं, त्याला गुण नव्याने मिळतात. ज्याचं आधीच बरोबर धरलं होतं, त्याचे गुण तेवढेच राहतात आणि मागचे काही जण त्याच्या बरोबरीला किंवा पुढे येतात. म्हणजे गुण एकानेही कमी न होता पर्सेंटाइल किंचित घसरू शकतं. गुण आपले एकट्याचे असतात, पर्सेंटाइल मात्र सगळ्यांच्या गुणांवर ठरतं.

टोटल ही तीन विषयांची सरासरी का नाही

आता त्या वडिलांच्या बेरजेकडे येऊ. पाच मुलं घ्या, दोनच विषय, प्रत्येकी ५० गुणांचे.

अनुजा: ४० आणि ४०, एकूण ८०
भूषण: ४८ आणि २०, एकूण ६८
चैताली: ४६ आणि २५, एकूण ७१
दीपक: २० आणि ४७, एकूण ६७
ईशा: २५ आणि ४५, एकूण ७०

पहिल्या विषयात अनुजाच्या पुढे भूषण आणि चैताली. तिच्याइतके किंवा कमी गुणांवर पाचांपैकी तिघं, म्हणून ६० पर्सेंटाइल. दुसऱ्या विषयात तिच्या पुढे दीपक आणि ईशा. पुन्हा ६०. सरासरी काढली तर ६० च येते. पण एकूण गुणांत ८० घेऊन ती पहिली आहे, म्हणून टोटल पर्सेंटाइल १००.

साठ आणि साठ मिळून शंभर! वडिलांना हा कागद दाखवला तेव्हा त्यांनी पाचही नावांवर बोट ठेवत पुन्हा मोजलं, मग मुलीकडे बघून म्हणाले, "म्हणजे तू कुठल्याच विषयात फार पुढं नाहीस, पण कुठं फार पडलीही नाहीस." याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. एका विषयात पुढे असणारे बरेच जण दुसऱ्यात मागे पडतात, आणि सगळीकडे बऱ्यापैकी असणारं मूल एकूण रांगेत पुढे सरकतं. उलटही होतं, टोटल सरासरीच्या खाली येते. त्यात गणिताचे गुण दुप्पट, म्हणजे ९१ वालं गणित टोटलला जास्त वर खेचणार हे उघडच आहे. टोटल पर्सेंटाइल एकूण कच्च्या गुणांवरून स्वतंत्र काढलं जातं, विषयांच्या पर्सेंटाइलवरून काढत नाहीत.

मग विषयांची पर्सेंटाइल कशाला? दोघांची टोटल सातव्या दशांशापर्यंत सारखी आली की पुढचा कोण हे ठरवायला ती लागतात. इंजिनीअरिंगला आधी गणिताचं बघतात.

पर्सेंटाइलची डोकी करा

या लेखातलं एकच काम करायचं असेल तर हे करा. पर्सेंटाइल शंभरातून वजा करा, उरलेल्याला शंभराने भागा आणि परीक्षेला बसलेल्या एकूण मुलांच्या संख्येने गुणा. तुमच्या पुढे साधारण किती डोकी आहेत, ते मिळेल.

२०२५ च्या सीईटीत पीसीएम गटाला चार लाखांहून जास्त मुलं बसली होती. हिशोब सोपा जावा म्हणून चार लाख धरू:

९९.९ म्हणजे पुढे ४०० जण
९९.५ म्हणजे २,०००
९९ म्हणजे ४,०००
९८ म्हणजे ८,०००
९५ म्हणजे २०,०००
९० म्हणजे ४०,०००
८८ म्हणजे ४८,०००
८० म्हणजे ८०,०००

८८ च्या ओळीवर वडील थांबले. "पुढं अठ्ठेचाळीस हजार?" दोन-तीन मिनिटं कुणी बोललं नाही. मग मी म्हटलं, "भाऊ, मागं किती आहेत तेही बघा." साडेतीन लाख. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही डोळ्यांसमोर हवेत. पहिला आकडा नसला तर माणूस नामांकित सरकारी कॉलेजांचेच पाच पर्याय भरून मोकळा होतो आणि पहिल्या फेऱ्यांत हात हलवत परततो. दुसरा नसला तर पोरीला वाटतं, आपण नापासच झालो.

पाव पर्सेंटाइलही हलकं समजू नका. ९९ आणि ९९.२५ यांच्यामध्ये हजार मुलं उभी आहेत, आणि नावाजलेल्या कॉलेजात संगणकशास्त्राच्या एका शाखेला जागा असतात शंभर-दोनशे.

मधली पायरी बुटकी, वरची उंच

"ऐंशीवरून नव्वदवर गेलो, आता पुढच्या वेळी नव्वदवरून शंभर." ड्रॉप घ्यायचा, म्हणजे एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यायचा विचार करणाऱ्या मुलांकडून हे मी दर वर्षी ऐकतो. पर्सेंटाइलच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात, हे इथे कळायला हवं.

गुणांचा आलेख बहुधा घंटेच्या आकाराचा असतो: मधल्या गुणांवर गर्दी, दोन्ही टोकांना विरळ. गर्दीत दोन प्रश्न जास्त सुटले की हजारो जण मागे पडतात. विरळ भागात हजार जणांना मागे टाकायला बरेच प्रश्न जास्त सोडवावे लागतात. नुसतं उदाहरण म्हणून घ्या: सरासरी ८० गुण, आणि गुणांचा पसारा मोजणारं प्रमाण विचलन ३०. अशा घंटेत ५० वरून ६० पर्सेंटाइलला जायला साधारण ८ गुण जास्त लागतात. ९८ वरून ९९ ला जायलाही तेवढेच ८. आणि ९९ वरून ९९.९ ला जायला २३.

म्हणजे मध्ये दहा पायऱ्या चढायला जेवढं बळ लागतं, तेवढं वर एकाच पायरीला. ६० वर असलेल्या मुलाला मी म्हणतो, अकरावीचे राहिलेले धडे नीट कर, कारण पेपरात २० टक्के भार अकरावीचा असतो, आणि तेवढ्यानेही तू बराच पुढे सरकशील. ९८ वाल्याला निव्वळ ९९ साठी वर्ष घालवायचंय असं कळलं, तर आधी विचारतो: ते वरचे आठ-दहा गुण नेमके कुठल्या धड्यातून आणणार, लिहून दाखव. जी दाखवते, तिने जरूर ड्रॉप घ्यावा.

कटऑफच्या यादीत बोट कुठे ठेवायचं

मागच्या वर्षीच्या कॅप राउंडची, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीची कटऑफ यादी उघडली की प्रत्येक शाखेखाली चौकटी दिसतात आणि एकेका चौकटीत दोन आकडे: वर मेरिट नंबर, खाली कंसात पर्सेंटाइल. चौकटीवर प्रवर्गाचा संकेत असतो. सुरुवातीला जी असेल तर सर्वसाधारण जागा, एल असेल तर मुलींसाठी राखीव. त्यापुढे ओपन, ओबीसी, एससी वगैरे. आपली चौकट सोडून भलतीच वाचणारे मी दर वर्षी पाहतो. त्या मुलीचे वडील जनरल ओपनच्या चौकटी बघून खट्टू होत होते, आणि शेजारी मुलींच्या चौकटी होत्या त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. मुलीला दोन्हीकडून वाट असते, हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं.

यादी वाचताना हा क्रम ठेवा. आधी आपली चौकट शोधा. मग कंसातलं पर्सेंटाइल न बघता वरचा मेरिट नंबर बघा. कारण असं: परीक्षेला मागच्या वर्षी तीन लाख आणि यंदा चार लाख बसले, तर ९५ पर्सेंटाइलच्या पुढे मागच्या वर्षी १५,००० होते, यंदा २०,०००. पर्सेंटाइल तेच, रांग पाच हजारांनी लांबली. कॉलेजांच्या जागा काही त्या प्रमाणात वाढत नाहीत. म्हणून "मागच्या वर्षी ९५ ला मिळालं होतं" या वाक्यावर विसंबू नका.

आपला मेरिट नंबर येईपर्यंत वर काढलेली डोकी हाच अंदाज. राज्याची मेरिट लिस्ट लागली की अंदाज बाजूला ठेवा. सीईटीला बसलेले सगळे काही प्रवेशाचा अर्ज भरत नाहीत, त्यामुळे खरा नंबर बहुतेक वेळा अंदाजापेक्षा पुढचा निघतो. आणि एकच फेरी बघून निष्कर्ष काढू नका. पहिल्या फेरीचा कटऑफ आणि शेवटच्या फेरीचा कटऑफ शेजारी शेजारी लिहा, म्हणजे ती शाखा किती खाली उतरते ते दिसेल.

महाराष्ट्रातल्या अनेक कॉलेजांत काही जागा अखिल भारतीय कोट्यातून जेईई मेनवर भरल्या जातात. त्यांची यादीही पर्सेंटाइलचीच, पण वेगळ्या परीक्षेची. ती सीईटीच्या आकड्याने वाचली की मोठा घोटाळा होतो.

जेईई, नीट, कॅट: शब्द तोच, गर्दी वेगळी

जेईईला ९० आणि सीईटीला ९०, दोन्ही सारखे म्हणता येत नाहीत. जेईई मेनला अलीकडे देशभरातून १४ लाखांच्या वर मुलं बसतात. तिथले ९० म्हणजे पुढे लाख-दीड लाख. शिवाय गर्दी कुठली, हेही महत्त्वाचं. तुमच्या मुलाला सीईटीला ९६ आणि जेईईला ८६ पडले तर त्याचा अभ्यास घसरला असं समजू नका.

जेईईत दोन सत्रांपैकी चांगलं पर्सेंटाइल धरतात. सगळेच आपापलं चांगलं पुढे करतात, त्यामुळे वरच्या सूत्राने काढलेल्या अंदाजापेक्षा खरा रँक थोडा मागे जाऊ शकतो. आयआयटीसाठीच्या पुढच्या परीक्षेला, जेईई ॲडव्हान्स्डला बसण्यासाठी खुल्या यादीचा कटऑफ २०२३ ला ९०.७७८८६४२ होता, २०२४ ला ९३.२३६२१८१ आणि २०२५ ला ९३.१०२३२६२. पुढे पाठवायची मुलं दर वर्षी साधारण अडीच लाखच, पण परीक्षेला बसणारे बरेच वाढले की कटऑफ सहसा वर सरकतो.

नीटचा मामला निराळा. तिथे रँक ७२० पैकी कच्च्या गुणांवर लागतो. पर्सेंटाइल येतं ते फक्त पात्रतेला: खुल्या वर्गाला ५०, राखीव वर्गांना ४०. हे ५० म्हणजे ३६० गुण असं समजणारे पालक मला भेटलेत. ५० पर्सेंटाइलला गुण पडले २०२३ मध्ये १३७, २०२४ च्या सुधारित निकालात १६२ आणि २०२५ मध्ये १४४. रांगेच्या मध्यावर उभ्या मुलाचे गुण दर वर्षी पेपरानुसार बदलतात. आणि पात्र होणं म्हणजे जागा मिळणं नव्हे, सरकारी एमबीबीएस त्याच्या कितीतरी वर आहे.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये नीट-पीजीचा पात्रता निकष शून्य पर्सेंटाइलवर आणला, तेव्हा "शून्य गुणांवर डॉक्टर एमडी होणार" असे संदेश फिरले. शून्य पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येक जण, मग त्याचे गुण उण्यात का असेनात. निर्णय योग्य की अयोग्य हा वेगळा वाद, आणि तो जरूर व्हावा. पण त्यासाठी आधी शून्य गुण आणि शून्य पर्सेंटाइल यांतला फरक कळायला हवा.

कॅटमध्ये सूत्रच थोडं वेगळं: एकूण संख्येतून आपला रँक वजा करून एकूण संख्येने भागतात, आणि ९९.९९५ किंवा त्याहून वर आलं की १०० लिहितात. पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या अमेरिकेच्या जीआरईत आपल्यापेक्षा कमी गुणांचे तेवढे मोजतात, बरोबरीचे नाही. वरच्या दहा मुलांत ७५ गुणवाल्याला सीईटीच्या रीतीने ४० येतात, जीआरईच्या रीतीने २०. लाखोंच्या परीक्षेत हा फरक नगण्य होतो, लहान परीक्षेत मात्र डोळ्यांत भरतो.

क्लासच्या टेस्टमधले ९९

लहान परीक्षा म्हणजे क्लासची सराव चाचणी. पर्सेंटाइल ऐकलं की लगेच विचारावं, "कितीजणांत?" दोनशेच्या बॅचमध्ये ९९ म्हणजे पुढे दोघं. त्या बॅचच्या मुलांपुरतंच ते खरं. निवडक बॅच असेल तर तिथले ७० वाले सीईटीला ९७ ला पोचतात, आणि साधारण बॅचमधले ९९ वाले ९० ला अडकतात. दोन्ही मी पाहिलंय, आणि दोन्ही वेळा घरच्यांना धक्का बसला. चाचणीच्या पर्सेंटाइलपेक्षा कुठल्या धड्यातले किती प्रश्न चुकले त्याची वही ठेवा.

इतके गुण म्हणजे इतके पर्सेंटाइल, असे तक्ते परीक्षेच्या काळात फोनवर फिरतात. ज्या तक्त्यात वर्ष आणि शिफ्ट लिहिलेली नाही, तो सरळ पुसून टाका.

त्या वडिलांनी जाताना कागद घडी घालून खिशात ठेवला. आठ दिवसांनी मेरिट नंबर आला तेव्हा दोघं पुन्हा आले. या वेळी बोलायला मुलगी पुढे होती. वहीत तिने चौदा कॉलेजं लिहिली होती, प्रत्येकापुढे स्वतःच्या दोन्ही चौकटींचे पहिल्या आणि शेवटच्या फेरीचे मेरिट नंबर. पहिली चार तिच्या नंबराच्या पुढची, मधली सहा आसपासची, शेवटची चार नक्की मिळतील अशी. मी एकच बदल सुचवला. मधल्या सहांतलं एक कॉलेज तिने फक्त कटऑफ वरचा म्हणून पाचव्या नंबरावर टाकलं होतं आणि घराजवळचं, मनापासून हवं असलेलं आठव्यावर. यंत्रणा वरून खाली बघत जाते आणि नंबरात बसणारी पहिली जागा देते, म्हणून जे जास्त हवं ते वर लिहायचं, कटऑफ काहीही असो. तिने दोन ओळींवर बाण काढून जागा बदलल्या आणि फॉर्म भरायला बसली.